मामा, जरा फोन धरजा

आमच्या खानदानात ज्याचं त्याचं काम ठरलेलं आहे. थोरले भाऊ भांडणं मिटवतात, म्हणजे दोन्ही बाजू नीट समजून घेऊन वाढवतात. वहिनी पापडाच्या पिठात पापडखार किती घालायचा ते सांगतात. आणि मी फोन धरतो. ही नेमणूक कधी झाली, कोणी केली, आठवत नाही. पण घरातल्या कोणत्याही पोट्ट्याला काही अचाट सुचलं की पहिली हाक मला येते, "मामा, जरा फोन धरजा!"

हे 'धरजा' खास आमच्या वऱ्हाडातलं. 'धरा' म्हटलं तर हुकूम होतो. 'धराल का' म्हटलं तर मामाला नाही म्हणायला जागा राहते. 'धरजा'मध्ये हुकूम नाही अन् विनंतीही नाही. तुम्ही धरणार, हे त्यात आधीच धरलेलं असतं.

मलाच का, तर माझा हात हलत नाही. एकतीस वर्षं अमरावतीत चित्रकला शिकवली. फळ्यावर खडूनं एका दमात वर्तुळ काढायचो, तर गणिताचे सर डबा खाता खाता उठून कंपास लावून बघायचे. निवृत्त झालो तेव्हा शाळेनं शाल आणि नारळ दिला, भाच्यानं फोन दिला. त्याचाच. धरायला.

पहिल्याच दिवशी आमचा खटका उडाला. मी फोन आडवा धरला. निसर्गचित्राला कागद आडवा आणि व्यक्तिचित्राला उभा, हे मी पोरांच्या तीन पिढ्यांना शिकवलेलं.

"मामा, उभं! उभं धरा!"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"तुमी नाही हो, फोन!"

आता आडवं कोणी पाहत नाही, हे त्यानं मला समजावलं. उभ्या चौकटीत माणूस मावतो. बाकी शेत, नाला, दूरची बाभूळ, चरणारी ढोरं सगळं दोन्ही बाजूंनी कातरलं जातं. एलिमेंटरीच्या परीक्षेत असं चित्र कोणी काढलं असतं तर मी खाली लाल शाईनं 'परिसर कुठे आहे?' असं लिहिलं असतं. पण परीक्षा त्याची होती आणि परीक्षक लाखोंच्या संख्येनं होते, निदान तशी त्याची अपेक्षा होती.

तेव्हापासून या दोन हातांनी मी पुष्कळ काही टिपलं आहे. शेततळ्यात मारलेली उलटी उडी. एका दमात संपवलेला वाटीभर ठेचा, आणि त्यानंतरची वीस मिनिटं, जी भाच्यानं नंतर पुसून टाकली. २०१९ मध्ये बाटलीच्या टोपणाचं चॅलेंज आलं होतं. गिरकी घेऊन अशी लाथ मारायची की टोपण फिरून उडालं पाहिजे आणि बाटली जागची हलता कामा नये. मोठमोठे नट करत होते. आमच्याकडे टोपण जागेवर राहिलं आणि बाटली उडाली. बाटलीत जवसाचं तेल होतं. ओसरीची भिंत दोनदा चुना देऊनही त्या जागी अजून पिवळी दिसते.

हे खूळ मोबाइलनं आणलं असं पुष्कळ जण म्हणतात. मला नाही पटत. मोबाइलनं प्रेक्षक आणले, खूळ आमचं घरचं आहे. अमावास्येला मसणवटीत जाऊन खुंटी ठोकून येणारे, एका बैठकीत पन्नास केळी खाणारे, भरल्या नाल्यात उडी टाकणारे लोक वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात होऊन गेले. आणि पैज कशाची? एका पानाची. ते पानही जिंकणाऱ्याला अर्धंच मिळायचं, कारण अर्ध्यावर पंचाचा हक्क.

अमरावतीत तर अंग वाकवणं, उलटं टांगणं हा मोठा सन्मानाचा व्यवहार होता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू जर्मनीला गेला आणि कबड्डीसारखे देशी खेळ तिथल्या लोकांना दाखवून आला. आता कल्पना करा, बोटीतून समुद्र ओलांडून जायचं, परक्या मुलखात मांड्या ठोकायच्या, परत यायचं आणि गावात सांगायचं, आम्ही असं असं केलं. पुरावा काय? तर सांगणाऱ्याची छाती. लोकांनी विश्वास ठेवला, कारण छाती तशी होती.

लहानपणी आम्हीही गल्लीतल्या आखाड्यात जायचो. मल्लखांब होता, उस्ताद होते आणि उस्तादांचा एकच कायदा होता. खाली झेलणारा उभा असल्याशिवाय वर कोणी चढायचं नाही. माझी अंगकाठी पाहून मला कायम झेलणारा केलं. मी दोघांना झेललं, एकाला नाही. तो आता शेगावकडे असतो आणि घरातल्या कार्याची पत्रिका मला सोडून सगळ्यांना पाठवतो. सांगायचं एवढंच, की झेलणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे लागत. आता मी त्याच जागी उभा असतो, तेवढ्याच अंतरावर, पण दोन्ही हातांत फोन असतो. वरून पडणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. माझ्या येतं.

बाहेरदेशीचं चॅलेंज आमच्यापर्यंत पहिल्यांदा पोचलं ते २०१४ च्या ऑगस्टमध्ये. बर्फाच्या पाण्याची बादली. तिकडे एएलएस नावाच्या मज्जातंतूंच्या आजारासाठी पैसे गोळा करायचे होते. ज्याचं नाव घेतलं त्यानं चोवीस तासांत गारेगार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यायची, नाहीतर देणगी द्यायची. कल्पना चांगली होती, पण तिचा जन्म जिथे नळाला रोज पाणी येतं तिथे झालेला. आमच्या स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या मॅडमनी माझं नाव घेतलं. मी घरी येऊन बादली शोधू लागलो तर बायको म्हणाली, "डोकंच धुवाचं असन त परवाच्या नळाले धुवा." त्या वर्षी पाऊसही रुसलेला होता. दर्यापूरकडचे एक सहकारी म्हणाले, बर्फ कशाला, आमच्या गावच्या विहिरीचं पाणी घ्या, तेच मोठं चॅलेंज आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तो. त्या पाण्यात वरण शिजायचं नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. शेवटी हैदराबादच्या एका पत्रकार बाईंनी काढलेला तोडगा आम्हाला पटला. पाण्याच्या ठिकाणी तांदूळ भरा आणि बादली गरजूच्या घरी द्या. आम्ही तुरीची डाळ भरली.

आणि ऋतूचा काही विचार? मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. दंगल नव्हती, निवडणुकीची हाणामारी नव्हती, उन्हापायी जमावबंदी. पाच जणांनी एकत्र जमू नये म्हणे. त्या उन्हात पाचवा माणूस आणायचा कुठून, हा खरा प्रश्न होता. अशा दिवशी अकोल्यात कोणाच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओतलंत तर त्याला चॅलेंज म्हणत नाहीत, उपकार म्हणतात.

पण या सगळ्यात आमच्या घराण्याचं नाव ज्यामुळे झालं ते किकी चॅलेंज. साल २०१८.

ड्रेक नावाच्या कॅनडातल्या गायकाचं एक गाणं निघालं. त्यात तो किकी नावाच्या बाईला विचारतो, की तुझं माझ्यावर प्रेम आहे ना? साधा, घरगुती प्रश्न. अमेरिकेतल्या शिग्गी नावाच्या एका विनोदवीरानं रस्त्यात उभं राहून त्यावर नाच केला आणि लोकांना दाखवला. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की चालत्या मोटारीतून उतरावं, दार सताड उघडं ठेवून मोटारीच्या बरोबरीनं नाचत जावं आणि पुन्हा आत बसावं. यात मोटार कोण चालवतो? जो फोन धरून बसलाय तोच! माझा हा व्यवसायबंधू एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं फोन धरत होता, आणि लोक कौतुक नाचणाऱ्याचं करत होते.

मुंबई पोलिसांनी इशारे दिले. तरी तिकडच्या तीन पोरांनी मोटारीऐवजी लोकल गाठली. विरारला गाडीतून फलाटावर उतरून नाचले आणि परत चढले. ते पकडले गेले. ऑगस्टमध्ये वसईच्या रेल्वे न्यायालयानं त्यांना तीन दिवस वसई स्थानक झाडायला लावलं, आणि असं करू नका म्हणून प्रवाशांना सांगायला. ही बातमी मी आईला वाचून दाखवली. आई सगळं ऐकून म्हणाली, "हाव, पन शिक्षा काय देल्ली?"

तिचंही बरोबर होतं. आमचा जिल्हा गाडगेबाबांचा. शेंडगावचा हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा, गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनातून गावाची डोकी झाडायचा. २०१९ मध्ये जगभर कचऱ्याचं एक चॅलेंज निघालं. घाण जागेचा फोटो काढा, ती साफ करा आणि पुन्हा फोटो काढा. बाबांना आधीचा फोटो काढायला कोणी फोन धरणारा मिळाला नाही, एवढाच काय तो फरक.

तसं पाहिलं तर किकीचं मूळही ड्रेकपाशी नाही, ते मूर्तिजापूरला आहे, असं माझं ठाम मत आहे. शकुंतला एक्स्प्रेसनं ज्यानं प्रवास केला तो मला दुजोरा देईल. यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर अशी ती नॅरो गेज. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीनं वऱ्हाडचा कापूस बाहेर काढायला घातलेली. कापूस इथून मँचेस्टरला गेला आणि मँचेस्टरनं १९२१ मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन तिथून इकडे आलं. ते १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेलचं आलं. मूर्तिजापूर ते अचलपूर अंतर ७६ किलोमीटर आणि वेळ चार तास. आता हिशेब तुम्हीच करा.

लहानपणी आम्ही आईबरोबर तिच्या माहेरी अंजनगावला जायचो. न्यायला मामा यायचे. दर्यापूर मागे पडलं की मामा डब्यातून खाली उतरायचे. गाडी चालूच. कडेच्या लिंबाची काडी मोडायचे, दात घासत गाडीच्या बरोबरीनं चालायचे, कोणी ओळखीचा दिसला तर कपाशीवर बोंडअळी आहे का विचारायचे, चूळ भरायचे आणि मागच्या डब्यात चढायचे. तेवढ्यात मामी पुढच्या डब्यात त्यांच्या नावानं ओरडायला लागायची. आम्ही पोरं खिडकीतून पाहायचो. नाच तेवढा नव्हता, बाकी सगळं होतं. उतरणं, बरोबरीनं जाणं, चढणं आणि किकीला पडलेला प्रश्न. मामीच्या मनात तो कायमच होता.

शकुंतला आता बंद आहे. भाच्याच्या वाट्याला आली ती बंडी.

झालं असं, की त्याच सुमारास तेलंगणातल्या करीमनगरकडच्या दोन तरुण शेतकऱ्यांनी भाताच्या खाचरात, औताच्या बैलांबरोबर, चिखल तुडवत किकी केली. मोटारीवाले सगळे त्यांच्यापुढे फिके पडले. भाच्यानं ते पाहिलं आणि त्याची झोप उडाली. तो तेव्हा अकरावीत. मी दोन दिवसांसाठी बहिणीकडे, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात गेलेलो.

"मामा, त्यायच्यापाशी बैल हाय, आपल्यापाशी बी हाय. त्यायच्यापाशी औत, आपल्यापाशी बंडी. नाच मले येते. फोन तुमी धरजा."

भाऊजी ओसरीवर बसून कासऱ्याला गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, "बैलाइले तरास देशीन त याद राख."

भाऊजींबद्दल थोडं सांगायला हवं. हा माणूस तरुणपणी शंकरपटाचा धुरकरी. तळेगाव दशासरच्या पटात बंडी हाकून आलेला. शंकरपट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. दोन बैल, मागे हलकीशी छकडी, तिच्यावर एक माणूस आणि मोजायला घडी. सगळा खेळ काही सेकंदांचा. वर्षभर सरकी-ढेप चारायची, अंडी पाजायची, मालिश करायची, आणि त्या सगळ्याचा निकाल तुम्ही तंबाखू चोळून होईपर्यंत लागलेला असतो. आजच्या पोरांना वाटतं, पंधरा सेकंदांचा तमाशा आपण शोधला. तर २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि भाऊजींनी आपली छकडी आढ्याला उलटी टांगली. तिच्यात चिमणीनं घर केलं. चार वर्षं हा माणूस तूर आणि सोयाबीनबद्दल बोलत होता, पण नजर आढ्याकडे.

संध्याकाळी आम्ही पांदणीत गेलो. सकाळी पाऊस झालेला. आमची काळी माती ओली झाली की पाय उचलू देते पण चप्पल ठेवून घेते. भाच्यानं नवे पांढरे बूट घातलेले. बंडीच्या साट्याला सुतळीनं स्पीकर बांधलेला. मी पुढे पन्नास पावलांवर, बांधावर, फोन उभा धरून. गाणं लागलं. किकीला प्रश्न विचारला गेला. भाच्यानं उडी मारली.

आणि बैल थांबले.

त्यांचंही चुकलं नाही. आजवर बंडीवरून माणूस उतरला म्हणजे काम आलं, एवढं त्यांना पक्कं माहीत. डावीकडचा पांढरा बैल मान वळवून भाच्याकडे बघत उभा राहिला. भाचा नाचत होता. बैल बघत होता. मी एकतीस वर्षं वर्गावर काढलीत, ती नजर मी ओळखतो. इन्स्पेक्शनला आलेला माणूस शेवटच्या बाकावरून तशीच बघतो.

चार वेळा केलं. चारही वेळा उडी पडली की बैल उभे. पाचव्या वेळी भाऊजी बांधावरून खाली आले. "तुले नाही जमत. उतर. मी हाकतो, तू मंग उडी मार."

त्यांनी धोतराचा काचा मारला आणि बंडीवर चढले. बसले नाहीत, उभे राहिले. कासरा हातात घेतला. इथेच मला समजायला हवं होतं. भाच्यानं मागून गाणं लावलं आणि ठरल्याप्रमाणे उडी टाकली. त्या बुटांच्या आवाजानं की आणखी कशानं, भाऊजींची चार वर्षं एका क्षणात गळून पडली. त्यांनी तोंडानं एक आवाज काढला. तो मी कागदावर लिहू शकत नाही. बैलांनी मात्र तो बरोबर वाचला.

बंडी सुटली. माझ्या फोनमध्ये आधी धूळ नाही, चिखल आला. मग त्या चिखलातून पांढरा बैल आला, मान ताणलेली, पाठ सपाट, पुढचे पाय असे फेकलेले की जणू कोणी कुंचल्याचा एकच फटकारा मारलाय. मी आयुष्यभर पोरांना बैल काढायला शिकवले आणि सगळ्यांचे बैल पाटासारखे यायचे. आज पहिल्यांदा समोर खरी रेषा धावत होती. माझा हात आपोआप फिरला. फोन आडवा झाला. बैल पूर्ण मावला, वर उभे भाऊजी मावले, मागची पांदण, बाभळी, पावसाचं आभाळ सगळं मावलं. आणि अगदी शेवटी, डाव्या कोपऱ्यात, एका पायात बूट घातलेला एक इसम हातवारे करत पळत येताना दिसत होता. तो काय ओरडत होता ते गाण्यामुळे ऐकू आलं नाही.

गावात बहीण दारात तांदूळ निवडत बसलेली. नवरा वयाच्या बावन्नाव्या वर्षी बंडीवर उभा राहून, इंग्रजी गाणं गाजवत, वेशीतून आत शिरताना तिनं पाहिला. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "माय वं, याइले काय झालं!" त्यावर भाऊजींनी काय उत्तर दिलं ते आम्ही पोचेपर्यंत देऊन झालं होतं. पण त्या रात्री जेवताना दोघंही हसत होते, आणि भाचा गोठ्याजवळ काडीनं बूट कोरत बसला होता.

व्हिडिओ त्यानं नुसता घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तोही मला दोष द्यायला. "पाहा, मामानं आडवा धरला!" तिथून तो कुठून कुठे गेला, देवाला ठाऊक. तिसऱ्या दिवशी भाऊजींना पहिला फोन आला. पटाच्या लोकांनी त्यांना नुसत्या पाठीवरून ओळखलं होतं.

"डावा बैल किती दाती हाय?"

"चार."

"इकता का?"

आठवडाभरात असे अकरा फोन. कोणी दात विचारले, कोणी खांदा विचारला, कोणी तो सोळाआणे गवळाऊ आहे की मिसळीचा, यावर वाद घातला. नाचाबद्दल एकानंही विचारलं नाही. किकी कोण, हेही नाही.

पुढे २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, पोट्टे दोन दिवस सुतकात गेले आणि तिसऱ्या आठवड्यात रीलवर रुजू झाले. मीही त्यांच्यामागून बदली होऊन आलो.

या काळातलं सगळ्यात मोठं चॅलेंज मात्र कोणा पोट्ट्यानं नाही, रस्त्यानं केलं. अमरावती-अकोला रस्ता काय होता, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच कळेल. दुचाकीवर मी पुढे आणि बायको मागे, बडनेऱ्याहून निघालो की बोरगाव मंजूपर्यंत आम्ही जे काही करायचो ते कोणी चित्रित केलं असतं तर आज सर्कशीत असतो. गर्भार बायकांना त्या रस्त्यानं नेऊ नका असं घरचे सांगत, आणि नववा महिना उलटला की न्या असंही सांगत. मग २०२२ चा जून आला. लोणी ते माना या टप्प्यात ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबर टाकायला घेतलं आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता थांबले. १०५ तास ३३ मिनिटं, सलग ७५ किलोमीटर. गिनीज बुकात नाव. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा, पंचवीस किलोमीटरचा, त्यांना दहा दिवस लागले होते. आमच्या चौकात यावर बरीच चर्चा झाली. ७५ किलोमीटर ही एका पदराची लांबी, दोन पदरी धरली तर साडेसदतीस होते, हे गणित गणिताच्या सरांनी मांडलं आणि पानठेल्यावर त्यांचा निषेध झाला. आमच्या गल्लीच्या रस्त्याचं भूमिपूजन त्याआधीच झालेलं होतं. नारळ अजून तिथेच आहे, म्हणजे त्याची करवंटी.

गुळगुळीत रस्ता मिळाल्यावर तिथे काय होणार, हे सांगायला नको. एका रविवारी बहिणीकडे निघालो होतो. मान्याच्या अलीकडे चहाला थांबलो. तीन पोट्टे, एक गाडी, हेल्मेट आरशाला लटकवलेलं. एकानं मला न्याहाळलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेलं असणार.

"काका, जरा फोन धरता का? एका चाकावर येऊन राह्यलो."

अशा गाडी चालवण्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे, वर्षभरापर्यंत आत बसवूही शकतात, हे मी त्याला सांगणार होतो. पण तो फोन माझ्या हातात कोंबून गाडी घेऊन लांब गेलाही होता. मी फोन आडवा धरला. तिकडे चाक वर उचललं गेलं आणि इकडे पडद्यावर 'मम्मी' असं नाव आलं. फोन वाजू लागला. मी उचलला.

"अरे कोठी हाय तू?"

"तो जरा कामात आहे," मी म्हणालो.

"तुमी कोन?"

"फोन धरणारा."

माउलीनं त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. "बरं, त्याले सांगा, येताना सांबार आनजो. अन् गॅसची नळी. मांगच्या वक्ती इसरला."

पोट्टा दोन चाकांवर येऊन थांबला. धापा टाकत म्हणाला, "आलं का काका?"

"सांबार सांगितला आहे. आणि गॅसची नळी."

त्याचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. "नळी किती मीटर?" त्यानं विचारलं. ते मी विचारायला विसरलो होतो. त्यानं परत फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलणी खाल्ली, हेल्मेट घातलं आणि मूर्तिजापूरच्या दिशेनं गेला. साठच्या आत असेल वेग. बाकीचे दोघं बसची वाट पाहत राहिले.

इकडे डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली होती, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानंही राज्याचा कायदा उचलून धरला. भाऊजींनी छकडी खाली काढली. चिमणीचं घर मात्र अलगद दुसऱ्या वाशावर बांधून दिलं. पटाचे मंडप लागले तशी जुन्या व्हिडिओची क्लिप पुन्हा फिरायला लागली आणि फोन पुन्हा सुरू झाले. पांढरा बैल तोवर जुळला होता, आता तर पार म्हातारा झालाय. भाऊजी त्याला कामाला लावत नाहीत. तो लिंबाखाली बसून रवंथ करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे त्याच इन्स्पेक्शनच्या नजरेनं बघतो.

मागच्या महिन्यात मी तिथे होतो. भाचा पुण्याहून सुट्टीवर आलेला, तिकडे नोकरी करतो. दुपारी बाजेवर आडवा पडून फोन छातीवर उभा धरलेला. भाऊजींचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. सगळ्यांना ऐकू गेलं. चांदूरकडचा कोणी माणूस होता.

"थो पांढरा बैल हाय का अजून?"

"हाय. पन इकाचा नाही."

"बरं, बैल राहू द्या. पन थो मांगून पयत येनारा सालदार कोठचा हाय जी? एका बुटावर काय पयते, बाप्पा! सालाचं काय घेते?"

ओसरीवर शांतता झाली. बहिणीनं पदर तोंडाला लावला. भाच्यानं फोन खाली ठेवला. भाऊजींनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, आठवडी बाजारात पाहतात तसं.

"थो बी इकाचा नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "पन सालानं न्याचा असन त या, पाहून घ्या."